एक बेट, दोन ध्वज : अबू मुसाचा दुअंमल

दुबईत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्यांना अल मदाममार्गे हत्ताला जाणारा जुना रस्ता आठवत असेल. दुबई अमिरातीच्या एका भागातून तिच्याच दुसऱ्या भागात जाताना हा रस्ता काही अंतर ओमानच्या हद्दीतून जात असे. तेवढ्या पट्ट्यात गाडीचा विमा लागू होतो की नाही, हा शुक्रवारच्या सहलीपूर्वीचा नेहमीचा प्रश्न होता. हत्ताला लागून अजमानचे मसफूत आहे. खोर फक्कानच्या वाटेवर ओमानचे मधा हे अमिरातीच्या पोटात वसलेले आहे आणि मधाच्या पोटात शारजाचे नहवा हे गाव. हे सारे विचित्र असले, तरी त्यात संदिग्ध काही नाही. प्रत्येक तुकडा कोणाचा, हे ठरलेले आहे.

खरा गुंता तेथे होतो, जेथे एकाच भूमीवर दोन राज्ये कारभार करतात. मसफूतजवळचा हद्फ हा असाच प्रदेश होता. तेथील व्यवस्थेविषयी ओमानचे सुलतान सईद बिन तैमूर यांनी २६ एप्रिल १९६० रोजी सलालाह येथे आणि अजमानचे शासक शेख रशीद बिन हुमैद अल नुऐमी यांनी ३० एप्रिलला अजमान येथे करारावर सही केली. दोघांनी मिळून देखरेख करावी, जकात मात्र पूर्वीप्रमाणे अजमानच्या शासकाने वसूल करावी, आणि बनी काब टोळीच्या लोकांच्या बाबतीत अजमानने हस्तक्षेप करू नये, कारण ते केवळ सुलतानाच्या अधिकारातले, असे त्यात ठरले. म्हणजे भूमीची वाटणी न करता करांची आणि माणसांची वाटणी झाली. ज्या काळी वाळवंटात रेषा आखण्यापेक्षा कोणती टोळी कोणाला जकात देते, हे विचारणेच अधिक सोपे आणि अधिक खरे होते, त्या काळाला शोभणारी ही तोड होती. ब्रिटिश अधिकारी ज्युलियन वॉकर यांनी १९५० च्या दशकात या अमिरातींच्या सीमा ठरवण्यासाठी जी पायपीट केली, तिचाही आधार बव्हंशी हाच होता.

आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा व्यवस्थेला ‘कॉन्डोमिनियम’ म्हणतात. मराठी वाचकाला त्यासाठी नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. मराठे आणि निजाम यांचा एकाच गावावर एकाच वेळी हक्क चाले, तेव्हा त्या स्थितीला ‘दुअंमल’ हा शब्द रूढ होता. हद्द, अंमल, वसूल, हक्क, दावा ही आपल्या दफ्तरांतील शब्दसंपत्ती मूळची अरबीच; त्यामुळे आखातातील सीमावादाची कागदपत्रे वाचताना मराठी माणसाला भाषेपुरते तरी परके वाटू नये.

आखातातील सर्वांत गाजलेला दुअंमल मात्र हद्फचा नाही. तो समुद्रात आहे. शारजाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या तेलवाहू जहाजांच्या मार्गालगत, जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे अबू मुसा हे बेट आहे. अमिरातीच्या लेखी तो शारजाचा भाग. इराणच्या लेखी होर्मोज्गान प्रांताचा. १९७१ पासून तेथे दोघांचेही ध्वज आहेत.

तांबड्या मातीपासून ध्वजापर्यंत

अबू मुसावर तेल सापडण्यापूर्वी लोकांना तेथे खेचून नेले ते गेरूसारख्या तांबड्या मातीने. रंग बनवण्यासाठी लागणारे हे लोहाचे ऑक्साइड खणण्याचा परवाना शारजाच्या शासकाने १८९८ मध्ये दिला. पुढे तो परवाना व्योंकहाउस या जर्मन पेढीकडे गेला आणि ब्रिटिशांची झोप उडाली. १९०७ मध्ये त्यांच्या दबावाखाली तो रद्द झाला. तत्पूर्वी १९०४ मध्ये इराणच्या अधिकाऱ्यांनी अबू मुसा आणि तुंब या बेटांवर आपला ध्वज उभारला होता; तोही ब्रिटिशांच्या निषेधानंतर उतरवण्यात आला.

या घडामोडींत हिंदुस्थानचा संबंध वरवरचा नव्हता. आखातातील ब्रिटिश वर्चस्वाचा पाया १८२० च्या तहाने घातला गेला आणि तो तह ज्या मोहिमेनंतर झाला, ती रास अल खैमावरील मोहीम मुंबई सरकारची होती. बुशहर येथील ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारला उत्तरदायी असे. नंतर तो कलकत्त्याच्या अखत्यारीत गेला. या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापर्यंत रुपया चालत होता, ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. त्याच कारभाराने येथील वादांची दफ्तरेही तयार केली, हे सहसा सांगितले जात नाही.

दोन्ही बाजूंच्या दाव्यांचे मूळ एका घराण्यात आहे. कासिमी कुळाची एक शाखा शारजा व रास अल खैमा येथे राज्य करी, तर दुसरी इराणच्या किनाऱ्यावरील लिंगेह बंदरात. लिंगेहच्या शाखेचा अंमल इराणने १८८७ मध्ये संपवला. लिंगेहचे कासिमी इराणचे अधिकारी या नात्याने बेटांचा कारभार पाहत होते, म्हणून बेटे इराणची, असा इराणचा युक्तिवाद. लिंगेहच्या शेखांचा जो काही अधिकार होता तो कुळाच्या वतीने होता आणि अबू मुसा तर प्रथमपासून अरब किनाऱ्याच्या कासिमींकडेच होते, असा अमिरातीचा. इराणच्या हाती आणखी एक पान आहे. १८८८ मध्ये ब्रिटिशांनी शहाला जो नकाशा भेट दिला, त्यात ही बेटे इराणच्या रंगात दाखवलेली होती. परराष्ट्र कार्यालयाला ही चूक पुढे कित्येक वर्षे निस्तरावी लागली.

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने १९७१ अखेर आखातातून सैन्य काढून घेण्याची घोषणा केली आणि हा दफ्तरातील वाद एकाएकी निकडीचा झाला. बहारीनवरील दावा इराणच्या शहांनी १९७० मध्ये सोडला होता. बेटांच्या बाबतीत मात्र ते माघार घेणार नव्हते. ब्रिटनच्या वतीने सर विल्यम ल्यूस तेहरान आणि शारजाच्या फेऱ्या मारत राहिले. शारजाचे शासक शेख खालिद बिन मुहम्मद अल कासिमी यांच्यापुढे फारसे पर्याय नव्हते. संरक्षणकर्ता काही दिवसांत निघून जाणार, नवे संघराज्य अजून जन्माला यायचे आणि समोर त्या काळचे आखातातील सर्वांत बलाढ्य सैन्य.

२९ नोव्हेंबर १९७१ रोजी समझोता जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी इराणचे सैन्य अबू मुसावर उतरले. त्याच दिवशी रास अल खैमाच्या मोठ्या व लहान तुंब बेटांवर इराणने समझोत्याविनाच ताबा मिळवला आणि तेथे रक्त सांडले. २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिराती अस्तित्वात आली. दरवर्षी ज्या राष्ट्रीय दिनाला दुबईचे आकाश आतषबाजीने उजळते, त्याच्या दोनच दिवस आधीचा हा इतिहास आहे. लिबियाने निषेध म्हणून ब्रिटिश पेट्रोलियमची मालमत्ता ताब्यात घेतली. इराकने ब्रिटन आणि इराण या दोघांशीही संबंध तोडले. शेख खालिद यांची जानेवारी १९७२ मध्ये सत्तांतराच्या प्रयत्नात हत्या झाली. हा प्रयत्न पदच्युत शासक सक्र बिन सुलतान यांनी केला होता.

समझोत्यात काय आहे, काय नाही

हा दस्तऐवज विलक्षण आखूड आहे आणि त्याचे पहिलेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे. इराण किंवा शारजा यांपैकी कोणीही अबू मुसावरील आपला दावा सोडणार नाही आणि दुसऱ्याचा दावा मान्यही करणार नाही, असे त्यात म्हटले आहे. एखाद्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीपत्रात ‘घर कोणाचे हे आम्ही ठरवलेले नाही’ असे लिहून मग खोल्या वाटाव्यात, तसे हे आहे. जोडलेल्या नकाशात ठरवून दिलेल्या भागात इराणचे सैन्य राहील, तेथे इराणला पूर्ण अधिकार असेल व त्याचा ध्वज फडकेल. उरलेल्या बेटावर शारजाचा पूर्ण अधिकार कायम राहील आणि शारजाचा ध्वज पोलीस ठाण्यावर असेल. बेटाभोवतीचा प्रादेशिक समुद्र दोघांनाही १२ सागरी मैलांचा मान्य. त्या पाण्यात मासेमारीचा हक्क दोघांच्या नागरिकांना सारखा. तेलाचे उत्खनन बट्स गॅस अँड ऑइल ही अमेरिकी कंपनी करील आणि सरकारी उत्पन्नाचा निम्मा वाटा ती थेट इराणला, निम्मा शारजाला देईल. शिवाय इराणने शारजाला नऊ वर्षे दरसाल १५ लाख पौंडांचे साहाय्य द्यावे, शारजाचे तेल-उत्पन्न ३० लाख पौंडांवर गेले की ते थांबावे, असेही ठरले.

यातील १२ मैलांचे कलम वरकरणी तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पोटात कोट्यवधींचा व्यवहार होता. बेटापासून सुमारे नऊ मैलांवर समुद्रतळाशी तेल असल्याची चिन्हे होती. उम्म अल कुवैनने हा भाग आपला समजून ऑक्सिडेंटल पेट्रोलियमला परवाना दिला होता. शारजाने तोच भाग अबू मुसाच्या प्रादेशिक समुद्रात धरून बट्सला दिला. तीन मैलांची मर्यादा धरली तर तेल एकाचे, बारा मैलांची धरली तर दुसऱ्याचे. १९७० मध्ये ब्रिटिश नौदलाने ऑक्सिडेंटलचे काम थांबवले आणि १९७१ च्या समझोत्याने ते दार कायमचे बंद केले. दोन कंपन्यांमधील खटला लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८१ मध्ये लॉर्ड विल्बरफोर्स यांनी निर्णय दिला, की परकीय सार्वभौम राज्यांच्या या व्यवहारांचा निवाडा करण्यासाठी न्यायालयाकडे कोणतेही मोजमाप नाही. विधी महाविद्यालयांत हा खटला आजही शिकवला जातो.

ते तेलक्षेत्र म्हणजे ‘मुबारक’. १९७४ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि तेलाचे पैसे ठरल्याप्रमाणे वाटले जाऊ लागले. इराणमध्ये क्रांती झाली, शहा गेले, इराक-इराण युद्ध पेटले, तरी वाटणीचा हा धागा तुटला नाही. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकी आणि इराणी नौदलांत चकमकी झाल्या, त्या दिवशी इराणच्या वेगवान बोटींनी याच मुबारक क्षेत्रावर हल्ला केला. ज्या विहिरींतून निम्मे उत्पन्न आपल्याला मिळते, त्यांवरच गोळीबार करण्याचा हा प्रसंग संयुक्त कारभाराच्या इतिहासात बहुधा एकमेव असावा.

समझोत्यात जे लिहिले गेले नाही, ते अधिक घातक ठरले. वाद झाला तर तो कोणी सोडवायचा, यासंबंधी त्यात एक ओळही नाही. लवाद नाही, संयुक्त आयोग नाही, मुदत नाही. बेटावर कोणी उतरावे, परवाना कोणी द्यावा, तिसऱ्या देशाच्या माणसाची स्थिती काय, याचा उल्लेख नाही. दुसरीकडे इराणचे परराष्ट्रमंत्री अब्बास अली खलातबरी यांनी नोव्हेंबर १९७१ मध्येच ब्रिटनला पत्र लिहून कळवले होते, की बेटाच्या किंवा तेथील इराणी सैन्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक वाटेल ते करण्याच्या इराणच्या स्वातंत्र्यावर या समझोत्याने कोणतेही बंधन येत नाही. एका हाताने वाटणी मान्य करायची आणि दुसऱ्या हाताने ती गुंडाळून ठेवण्याची मुभा राखायची, असे हे पत्र आहे. ब्रिटिशांनी ते शारजाकडे पोचते केले आणि निघून गेले.

१९९२ : बोट परत फिरली

ही पोकळी वीस वर्षांनी उघडी पडली, तीही राजदूतांच्या नव्हे तर नोकरदारांच्या अनुभवातून. अबू मुसाच्या शारजाकडील भागात शाळा, दवाखाना, वीज, पाणी यांची सोय शारजा करीत असे आणि त्या सोयी चालवणारे हात, अमिरातीत अन्यत्र असतात तसे, बाहेरून आलेल्यांचे होते. एप्रिल १९९२ मध्ये शारजाच्या सेवेत असलेल्या अशा कर्मचाऱ्यांना इराणी अधिकाऱ्यांनी बेटावर येऊ दिले नाही. त्यांत भारतीय, पाकिस्तानी आणि फिलिपिनो होते. ऑगस्टमध्ये शंभरावर प्रवासी घेऊन आलेल्या बोटीला उतरण्याची परवानगी नाकारली गेली. त्यांत बरेचसे शिक्षक आणि त्यांची कुटुंबे होती. बोट शारजाला परतली.

इराणचे म्हणणे सुरक्षेचे होते : अमिरातीचे नसलेले लोक बेटावर येत आहेत, त्यांची छाननी आवश्यक आहे. अमिरातीचे म्हणणे असे, की शारजाच्या भागात शारजाने कोणाला कामावर ठेवावे, हा शारजाचा ‘पूर्ण अधिकार’ आहे आणि तो शब्द कराराचाच आहे. शब्दशः पाहता अमिरातीची बाजू भक्कम वाटते. मात्र बंदरावर सैनिक कोणाचे उभे आहेत, हे शब्दांवर अवलंबून नसते. सप्टेंबर १९९२ मध्ये अबू धाबीत झालेली बोलणी फिसकटली. तेव्हापासून दोन्ही देश एकाच प्रश्नाची दोन नावे घेत आले आहेत. अमिराती त्याला तीनही बेटांवरील कब्जा म्हणते आणि तो थेट वाटाघाटींनी किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेऊन सोडवावा असा आग्रह धरते. इराण त्याला अबू मुसाविषयीचा गैरसमज म्हणतो आणि सार्वभौमत्व हा चर्चेचा विषयच नाही असे सांगतो. न्यायालयाला दोघांची संमती लागते, म्हणून तो मार्ग तेथेच थांबतो.

व्हिसावर जगणाऱ्या वाचकांनी या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. दुअंमलात दोन्ही मालकांच्या प्रजेला काही ना काही हक्क लिहून दिलेले असतात. अबू मुसाच्या समझोत्यात मासेमारीचा हक्कसुद्धा लिहिलेला आहे. तेथे शिकवणारा, यंत्र चालवणारा, जखम बांधणारा तिसरा माणूस मात्र कोणत्याच कलमात नसतो आणि बिनसले की सर्वांत आधी त्याचीच बोट अडते.

जेथे जमले

संयुक्त कारभार नेहमीच फसतो, असे नाही. १९२२ मध्ये उकैर येथे सर पर्सी कॉक्स यांनी कुवेत आणि नज्द यांच्यामध्ये एक तटस्थ प्रदेश ठेवला, मुख्यतः भटक्या टोळ्यांच्या चराईसाठी. पुढे तेथे तेल निघाले. सौदी अरेबिया आणि कुवेत यांनी १९६० च्या दशकात जमीन वाटून घेतली आणि तेल मात्र निम्मे-निम्मे ठेवले. खफजीचे उत्पादन २०१४ मध्ये व वफ्राचे २०१५ मध्ये वादापायी थांबले, तेही डिसेंबर २०१९ च्या करारानंतर पुन्हा सुरू झाले. अबू धाबी आणि कतार यांनी १९६९ मध्ये समुद्रसीमा ठरवताना अल बुंदुक हे तेलक्षेत्र समान वाट्याने ठेवले, त्याविषयी वृत्तपत्रांत क्वचितच काही छापून येते. युरोपात स्पेन आणि फ्रान्स यांच्यामधील बिदासोआ नदीतले फेजंट बेट १६५९ च्या तहापासून दोघांचे आहे. आता सहा महिने याचे, सहा महिने त्याचे. त्यावर कोणी राहत नाही, हे त्याच्या शांततेचे खरे कारण.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. मालकी कोणाची, हे आधी ठरले किंवा मालकी समान आहे हे दोघांनी मान्य केले. नंतर उत्पन्न वाटले गेले. अबू मुसावर उत्पन्न आधी वाटले गेले आणि मालकीचा प्रश्न बाजूला ठेवला गेला. ल्यूस यांच्याजवळ वेळ नव्हता हे खरे. पण तात्पुरता ठिगळ म्हणून जे लावले, तेच वस्त्र समजून दोन देश अर्धशतक वावरत आहेत.

महाराष्ट्रालाही हा अनुभव अपरिचित नाही, जरी तेथे दोन देश नसून दोन राज्ये आहेत. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवर परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी डझनभर गावे आहेत. हा मुलूख निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका तेथून निघून मराठी मुलखात आला आणि सीमेवरच्या या गावांचा वाद मागे उरला. गावकऱ्यांकडे दोन्ही राज्यांची शिधापत्रिका, दोन्ही मतदार याद्यांत नाव, एकाच गावात मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा. दोन सरकारांच्या योजना मिळतात म्हणून बाहेरच्यांना हेवा वाटतो. पण जमिनीचा पट्टा मागायला गेले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. धान्य दोन्हीकडून मिळते, सातबारा कोणाकडूनच नाही. दुअंमलात वाटायला जे सोपे असते ते दुप्पट मिळते आणि ज्याने मालकी सिद्ध होते ते अडून राहते. अबू मुसावर हेच घडले. फरक इतकाच, की जिवतीच्या गावांवर शेवटी एकच सर्वोच्च न्यायालय आहे.

अबू मुसाच्या बाबतीत अलीकडच्या वर्षांत हालचाल झाली ती निवेदनांच्या पातळीवर. एप्रिल २०१२ मध्ये इराणचे अध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनी बेटाला भेट दिली आणि अमिरातीने तेहरानमधील आपला राजदूत माघारी बोलावला. डिसेंबर २०२२ मध्ये चीनने आणि जुलै २०२३ मध्ये रशियाने आखाती सहकार्य परिषदेबरोबरच्या संयुक्त निवेदनांत बेटांचा प्रश्न शांततेने सोडवण्याच्या अमिरातीच्या प्रयत्नांना पाठिंबा दिला. हे दोघेही इराणचे मित्र. तेहरानने दोन्ही वेळा त्यांच्या राजदूतांना बोलावून नाराजी कळवली. याच काळात दुबईच्या खाडीतून इराणकडे जाणारी लाकडी गलबते माल भरून सुटतच होती.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हा विषय ९ डिसेंबर १९७१ रोजी चर्चेला आला आणि पुढे ढकलला गेला. ज्या पत्रामुळे तो आला, ते अल्जीरिया, इराक, लिबिया आणि दक्षिण येमेन या चार देशांचे होते. दीर्घकाळ चर्चा न झालेले विषय परिषदेच्या यादीतून काढून टाकण्याची पद्धत आहे; एखाद्या सदस्य देशाने कळवले, तर मात्र तो विषय राहतो. त्यामुळे अमिराती दर वर्षी पत्र पाठवते आणि ३ डिसेंबर १९७१ चे ते पत्र आणखी एक वर्ष यादीवर राहते. त्यावर सही करणारा दक्षिण येमेन १९९० पासून वेगळा देश म्हणून उरलेला नाही.